बहुसांस्कृतिक ऑस्ट्रेलिया आणि मानव्यविद्यांचे संशोधन: आपण कशाच्या पाठीशी उभे राहायचे?

अक्षरवेल (धागाकर्ती)

३१ ऑगस्ट २०२५ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या शहरांमधून स्थलांतरविरोधी मोर्चे निघाले. त्यांच्या प्रचारपत्रकात भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता. शंभर वर्षांत जितके ग्रीक आणि इटालियन आले नाहीत, तितके भारतीय पाच वर्षांत आले, असा त्याचा आशय होता. त्यानंतर आपल्या मंडळींनी समाजमाध्यमांवर आणि वर्तमानपत्रांना पाठवलेल्या पत्रांतून जी उत्तरे दिली, ती मी लक्षपूर्वक वाचली. आपण किती कर भरतो, रुग्णालयांत आपले किती डॉक्टर आणि परिचारिका आहेत, आपली मुले शाळेत किती पुढे आहेत, असाच बहुतेकांचा सूर होता. यातले काहीही खोटे नाही. तरीही मला ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण त्यांतून फक्त आपण सध्या उपयोगी आहोत एवढेच सिद्ध होते, आणि ज्या दिवशी नोकऱ्या कमी होतील त्या दिवशी हा सगळा युक्तिवाद आपल्याच विरोधात वापरला जाईल.

त्या पत्रकाला नेमके उत्तर इतिहासात होते. ज्या ग्रीक आणि इटालियन लोकांना आज आपल्यासमोर आदर्श म्हणून उभे केले जाते, त्यांपैकी ग्रीकांच्या दुकानांवर डिसेंबर १९१६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगुर्ली-बोल्डर आणि पर्थ येथे जमावाने हल्ले केले होते. जानेवारी १९३४ मध्ये त्याच कालगुर्लीत इटालियन आणि स्लाव लोकांची घरे आणि दुकाने जाळली गेली. त्याआधी, १८६०-६१ मध्ये, न्यू साउथ वेल्समधील लॅम्बिंग फ्लॅटच्या सोन्याच्या खाणींवरून चिनी मजुरांना मारहाण करून हुसकावून लावले गेले. लक्ष्य प्रत्येक वेळी वेगळे असले, तरी आरोप जवळजवळ शब्दशः तेच राहिले. हे ज्याला माहीत आहे, तो त्या पत्रकातल्या तुलनेने गांगरून जाणार नाही. पण हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत होते?

हे ज्ञान आपोआप टिकत नाही. कोणीतरी अभिलेखागारात बसून ते शोधलेले असते, आणि त्या शोधासाठी कोणीतरी पैसे दिलेले असतात. एक उदाहरण थोडे विस्ताराने देते. १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्यात श्रुतलेखनाची चाचणी होती. अधिकारी ठरवील त्या युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा ऐकून लिहायचा, आणि भाषा मुद्दामच अशी निवडायची की समोरचा नापास व्हावा. १९०९ नंतर ही चाचणी एकही जण उत्तीर्ण झाला नाही. १९३४ मध्ये प्रागचे नाझीविरोधी लेखक एगॉन किश आले, तेव्हा त्यांना अनेक भाषा येत असल्यामुळे अधिकाऱ्यांनी स्कॉटिश गेलिक निवडली. पुढे उच्च न्यायालयाने ती भाषा कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषा ठरत नाही असे म्हणून तो प्रयत्न मोडून काढला.

जे लोक आधीपासून येथे राहत होते आणि काही काळासाठी मायदेशी जाऊन परत येऊ इच्छित होते, त्यांना या चाचणीतून सूट मिळाल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागे. त्यात चिनी होते, अफगाण होते, सीरियन होते आणि भारतीयही होते. या प्रमाणपत्रांची पाने आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एका बाजूला समोरून आणि कडेने घेतलेली छायाचित्रे आणि मागच्या बाजूला शाईत बुडवून उमटवलेला हाताचा पूर्ण ठसा. केट बॅगनॉल आणि टिम शेरॅट या इतिहास-अभ्यासकांनी या कागदांवरचे चेहरे संगणकाच्या साहाय्याने वेगळे काढून एका संकेतस्थळावर एकत्र मांडले. फेटा बांधलेला, थेट कॅमेऱ्याकडे पाहणारा माणूस त्या भिंतीवर दिसतो, तेव्हा आपण या देशात काल-परवा आलो ही समजूत गळून पडते. 'गोऱ्या ऑस्ट्रेलिया'ची कल्पना ज्या कागदपत्रांनी राबवली, त्यांनीच हा देश कधीही पूर्णपणे गोरा नव्हता याचा पुरावा जपून ठेवला.

आता माझा मूळ मुद्दा. बहुसांस्कृतिकतेचे धोरण टिकवायचे असेल, तर ती ज्या ज्ञानावर उभी आहे ते ज्ञान निर्माण करणाऱ्या शाखांचे रक्षण करावे लागेल, म्हणजे इतिहास, भाषाविज्ञान, मानवशास्त्र, साहित्य आणि तत्त्वज्ञान या मानव्यविद्यांचे. आणि येथे आपला समाज वर्षानुवर्षे गप्प बसलेला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सिनेटच्या चौकशीत असे उघड झाले की तत्कालीन शिक्षणमंत्री सायमन बर्मिंगहॅम यांनी, विद्यापीठांतील संशोधनाला सरकारी अनुदान देणाऱ्या ऑस्ट्रेलियन संशोधन परिषदेने शिफारस केलेले ११ प्रकल्प परस्पर नाकारले होते. त्यांची एकूण किंमत सुमारे ४२ लाख डॉलर होती आणि सगळे प्रकल्प मानव्यविद्यांतले होते. २०२१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कार्यवाहक मंत्री स्टुअर्ट रॉबर्ट यांनी आणखी ६ नाकारले. त्यांतले दोन समकालीन चीनविषयी होते आणि एक शाळकरी मुलांच्या हवामान आंदोलनाविषयी. आपल्या किती मंडळांनी त्यावर एक ओळ तरी लिहिली?

राजकारण इतके दुभंगलेले असताना या कामाला पाठिंबा कसा द्यावा, यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी, अशी विनंती आहे.

नीरक्षीर

धागा महत्त्वाचा आहे, म्हणूनच माझा विरोध सुरुवातीलाच स्पष्टपणे नोंदवतो. आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. बहुसांस्कृतिकतेला माझा पाठिंबा आहे. परंतु करदात्यांचा पैसा कोठे जावा हे ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या मंत्र्याला नसेल, तर तो कोणाला असावा? मंत्री संसदेला उत्तरदायी असतो, प्राध्यापकांची समिती कोणालाच उत्तरदायी नसते. बर्मिंगहॅम यांनी त्या वेळी जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतील कलांविषयीच्या एका प्रकल्पाचे उदाहरण दिले होते. त्याला २,२३,००० डॉलर द्यावेत असे सामान्य ऑस्ट्रेलियन माणसाला वाटणार नाही, हा त्यांचा मुद्दा मला सहज झटकून टाकता येत नाही.

दुसरे असे की विद्यापीठांतील मानव्यविद्या विभागांचा राजकीय कल एकाच बाजूला आहे, अशी लोकांची भावना आहे. ती पूर्णपणे निराधार आहे असे मला वाटत नाही. रॅम्से केंद्राने पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासक्रमासाठी मोठी देणगी देऊ केली, तेव्हा २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने बोलणी मोडली. सर्व संस्कृतींचा अभ्यास हवा असे म्हणणाऱ्यांना एकाच संस्कृतीचा अभ्यास नकोसा होत असेल, तर लोक प्रश्न विचारणारच.

अक्षरवेल (धागाकर्ती)

नीरक्षीर, आपले आक्षेप गंभीर आहेत आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

उत्तरदायित्वाविषयी प्रथम. संशोधनाला एकूण किती पैसा द्यायचा, त्यातला किती कोणत्या योजनेला, राष्ट्रीय प्राधान्ये कोणती, हे ठरवणे हे सरकारचेच काम आहे आणि त्यावर निवडणुकाही व्हाव्यात. परंतु नियम जाहीर झाल्यावर, अनेक टप्प्यांच्या परीक्षणातून साधारण पाचातला एकच अर्ज तरून गेल्यावर, त्या एका अर्जावर मंत्र्याने बंद खोलीत फुली मारणे हे उत्तरदायित्व कसे म्हणता येईल? २०१८ च्या प्रकरणात तर ज्यांचे अर्ज नाकारले गेले, त्यांनाही आपला प्रकल्प मंत्र्याने नाकारला हे सांगितलेले नव्हते. त्यांना केवळ निवड झाली नाही असे वाटत राहिले. ज्या निर्णयाचे कारण द्यावे लागत नाही आणि जो झाल्याचे कोणाला कळतही नाही, त्याला संसदेपुढे उत्तर कोण देणार?

आणि जिब्राल्टरचेच उदाहरण घ्यायचे तर घेऊ. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. एका काठावर युरोप, दुसऱ्यावर आफ्रिका. दोन्ही काठांवर शतकानुशतके मुस्लिम, ज्यू आणि ख्रिस्ती समाज एकमेकांशेजारी राहिले, एकमेकांना हुसकावत राहिले आणि एकमेकांकडून शिकत राहिले. स्थलांतराच्या प्रश्नाने आज सगळे जग ढवळून निघालेले असताना, अशा जागेतल्या कलेचा अभ्यास निरर्थक ठरवण्यासाठी मंत्र्यांना प्रकल्पाचे शीर्षक पुरेसे वाटले. शीर्षक वाचून निकाल देण्याची ही सवय मला सर्वांत घातक वाटते, कारण ती उद्या कोणत्याही विषयावर चालवता येते. भौतिकशास्त्रातल्या प्रकल्पांची शीर्षकेही सामान्य माणसाला कळत नाहीत, पण त्यांची कोणी थट्टा करत नाही.

रॅम्से प्रकरणाबाबत माझे मत आपल्याला कदाचित अनपेक्षित वाटेल. पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासाला माझा मुळीच विरोध नाही. होमर, दान्ते, शेक्सपिअर हेही मानव्यविद्यांचेच वैभव आहे. वाद होता तो अभ्यासक्रम आणि नेमणुकांवर देणगीदाराचा किती ताबा असावा याविषयी. केंद्राच्या संचालक मंडळावर असलेले माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी त्या काळात लिहिलेल्या लेखात, हे केंद्र पाश्चात्त्य संस्कृतीविषयी तर आहेच, पण तिच्या बाजूनेही आहे, अशा अर्थाचे विधान केले होते. निष्कर्ष आधीच ठरलेला असेल, तर तो अभ्यास राहत नाही. पुढे अन्य विद्यापीठांनी रॅम्से केंद्राशी करार केले आणि तेथे हे अभ्यासक्रम सुरू झाले, यातही मला काही गैर वाटत नाही. जो नियम मंत्र्याला, तोच देणगीदाराला, मग तो आपल्या आवडीचा असो वा नसो.

दक्षिणवारा

मी भाषाविज्ञानाशी संबंधित काम करतो, त्यामुळे मानव्यविद्या संशोधनातून नेमके काय हाती येते याची एक-दोन उदाहरणे नोंदवावीशी वाटतात. 'उपयोग काय' या प्रश्नाला आपण फार मोघम उत्तरे देतो असा माझा अनुभव आहे.

ॲडलेड शहर ज्या भूमीवर वसले, ती कौर्ना या मूलनिवासी लोकांची. त्यांची भाषा अस्खलित बोलणारी म्हणून ज्ञात असलेली शेवटची व्यक्ती, इव्हारित्जी, १९२९ मध्ये वारली. त्यानंतर दोन पिढ्या ही भाषा कोणाच्याही घरात बोलली गेली नाही. परंतु टाइखेलमान आणि श्यूरमान या दोन जर्मन ल्युथरन धर्मप्रचारकांनी १८४० मध्ये तिचे व्याकरण आणि सुमारे दोन हजार शब्दांचा संग्रह प्रसिद्ध करून ठेवला होता. दीडशे वर्षांनी कौर्ना कुटुंबे आणि ॲडलेड विद्यापीठातील भाषावैज्ञानिक रॉब अमेरी यांनी त्या संग्रहाच्या आधाराने भाषा पुन्हा उभी करायला घेतली. आज ती शिकवली जाते, जाहीर समारंभांत बोलली जाते, आणि शहरातून वाहणाऱ्या टॉरेन्स नदीला 'कारावीरा पारी' हे तिचे कौर्ना नाव अधिकृतपणे जोडले गेले आहे. १८४० मध्ये त्या दोघांना या कामाचा राष्ट्रीय हितासाठी उपयोग काय, असे विचारले असते, तर त्यांना काय सांगता आले असते?

दुसरे उदाहरण अधिक वादाचे आहे. न्यूकॅसल विद्यापीठात लिंडल रायन यांच्या नेतृत्वाखाली वसाहतकाळातील कत्तलींचा नकाशा तयार झाला. त्याचा पहिला टप्पा २०१७ मध्ये लोकांसमोर आला. मूलनिवासींच्या संहाराविषयी या देशात जो कडाक्याचा वाद झाला, त्यात रायन यांच्या आधीच्या लेखनावर पुराव्यांच्या बाबतीत कठोर टीका झालेली होती. त्या टीकेला उत्तर म्हणून घोषणा न देता त्यांनी पद्धत अधिक काटेकोर केली, हे मला फार मोलाचे वाटते. एकाच घटनेत किमान सहा निःशस्त्र माणसे मारली गेली असतील, तरच नोंद घ्यायची. प्रत्येक नोंदीला पुराव्याच्या बळानुसार एक, दोन किंवा तीन तारे द्यायचे. स्रोत सर्वांना पाहता येतील असे ठेवायचे, आणि नवा पुरावा आला तर नोंद दुरुस्त करायची. नकाशावरच्या एका पिवळ्या ठिपक्यावर टिचकी मारली की तारीख, जागा, मारेकरी कोण होते, हत्यारे कोणती आणि माहिती कोणत्या पत्रातून किंवा डायरीतून आली हे समोर येते. अशा चारशेहून अधिक जागा तेथे नोंदलेल्या आहेत. दुभंगलेल्या समाजात विश्वास मिळवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

न्यायालयाचाही दाखला देता येईल. मूलनिवासींच्या जमीनहक्काविषयी उच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी दिलेल्या माबो निकालाने ही भूमी कोणाच्याही मालकीची नव्हती ही कल्पना मोडीत काढली. न्यायमूर्ती डीन आणि गॉड्रन यांच्या निकालपत्रात इतिहासकार हेन्री रेनॉल्ड्स यांच्या संशोधनाचे ऋण मान्य केलेले आहे. देशाचा जमीनविषयक कायदा बदलला, आणि त्याच्या मुळाशी अभिलेखागारातले काम होते.

मध्यरेषा

चर्चा वाचून एका पालकाच्या नात्याने लिहीत आहे. माझ्या मुलीला इतिहास घ्यायचा आहे. आमच्या घरी या निर्णयावर जी चर्चा झाली, ती मूल्यांवर कमी आणि कर्जावर अधिक झाली. २०२१ पासून लागू झालेल्या 'जॉब-रेडी ग्रॅज्युएट्स' योजनेने मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांचा वार्षिक वाटा ६,८०४ डॉलरवरून १४,५०० डॉलरवर नेला, म्हणजे ११३ टक्के वाढ. दरवर्षीच्या महागाई-वाढीमुळे आता तीन वर्षांच्या पदवीचा खर्च ५०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. त्याच योजनेत इंग्रजी आणि परकीय भाषांचे विषय सर्वांत स्वस्त गटात, ३,९५० डॉलरमध्ये ठेवले गेले. म्हणजे एखाद्या समाजाची भाषा शिकणे देशाला हवे आहे, पण त्याच समाजाचा इतिहास शिकायचा तर जवळजवळ चौपट पैसे मोजायचे. या विभागणीमागे कोणता विचार होता हे मला आजही उमगलेले नाही.

विद्यापीठ शिक्षणाच्या आढाव्याचा अंतिम अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि त्यात ही योजना अपयशी ठरल्याचे व ती तातडीने सुधारायला हवी असे स्पष्ट म्हटले आहे. ज्या पक्षाने विरोधात असताना या योजनेवर टीका केली, तोच २०२२ पासून सत्तेवर आहे, तरीही शुल्करचना तशीच चालू राहिली. त्यामुळे अक्षरवेल, हा प्रश्न एका पक्षाचा आहे असे समजून आपण काम करू लागलो, तर फसगत होईल असे मला वाटते. शिवाय शुल्कामुळे या विषयांकडे केवळ सधन घरांतली मुले वळली, तर उद्याचे संशोधक कोणत्या समाजातून येतील? स्थलांतरितांचा इतिहास लिहिणाऱ्यांत स्थलांतरितांची मुले नसतील, ही शक्यता मला अस्वस्थ करते.

नीरक्षीर

मध्यरेषा यांनी दिलेली आकडेवारी आणि दक्षिणवारा यांनी सांगितलेली ताऱ्यांची पद्धत, या दोन्हींमुळे माझ्या भूमिकेत फरक पडला आहे. एकेका प्रकल्पावर मंत्र्याने गुपचूप फुली मारू नये, हे मला मान्य आहे. परंतु मग हा नियम आपल्यालाही जाचणार आहे, याची येथे कोणी नीट चर्चा केलेली नाही.

२०२५ च्या सुरुवातीचे उदाहरण घ्या. इस्रायल-पॅलेस्टाइन प्रश्नावरील जाहीर भूमिकांमुळे वादात सापडलेल्या एका संशोधिकेच्या अनुदानाविषयी मंत्र्यांनी परिषदेला चौकशी करण्यास सांगितले आणि तो निधी स्थगित झाला. २०२४ मध्ये मंत्र्यांच्या नकाराधिकाराला आळा घालणारा संशोधन-स्वातंत्र्याचा कायदा करणारे सरकारच त्या वेळी सत्तेवर होते. त्या व्यक्तीची मते मला अजिबात पटत नाहीत. तरीही नियम सर्वांना सारखा म्हणायचा, तर माझा प्रश्न तिची मते काय आहेत हा असू शकत नाही. अनुदानाच्या अटी मोडल्या गेल्या का, आणि ते कोणी ठरवले, एवढाच तो असू शकतो. हे लिहिताना मला कष्ट पडत आहेत, पण ते लिहिल्याशिवाय माझी भूमिका प्रामाणिक राहणार नाही.

आणखी जवळचे उदाहरण म्हणजे आपण स्वतः. उद्या एखाद्या संशोधकाने ऑस्ट्रेलियातल्या भारतीय समाजातील जातिभेदावर, आपल्या मंडळांतील बायकांच्या स्थानावर किंवा आपल्यातल्या काहींच्या वर्णद्वेषावर प्रकल्प मांडला, तर आपण काय करू? समाजाची बदनामी होते म्हणून खासदाराला पत्रे लिहू? ज्यांनी तसे पत्र लिहिण्याचा अधिकार स्वतःकडे राखून ठेवला आहे, त्यांनी बर्मिंगहॅम यांना दोष देऊ नये.

अक्षरवेल (धागाकर्ती)

नीरक्षीर, धागा सुरू करताना मला जे म्हणायचे होते, ते आपण माझ्याहून नेमके मांडलेत. विविधतेचा पुरस्कार म्हणजे आपल्या समाजाचे गोड चित्र रंगवून घेण्याचा हक्क नव्हे. सण-उत्सवांपुरती बहुसांस्कृतिकता सर्वांना हवी असते, कारण तिच्यात कोणालाच काही सोसावे लागत नाही. आपल्याविषयीचे कठोर संशोधन आपण शांतपणे वाचू शकलो, त्यातल्या चुका पुराव्यानिशी दाखवू शकलो आणि तरीही त्याच्या निधीवर घाला घालण्याची मागणी केली नाही, तरच दुसऱ्यांनी आपले ऐकावे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहतो.

मध्यरेषा यांचा पक्षाविषयीचा मुद्दाही मला पूर्ण मान्य आहे, आणि इतिहास त्याला दुजोरा देतो. 'गोऱ्या ऑस्ट्रेलिया'चे धोरण मजूर पक्षाच्या व्हिटलम सरकारने १९७३ मध्ये औपचारिकपणे संपवले आणि १९७५ मध्ये वांशिक भेदभावविरोधी कायदा केला. पण बहुसांस्कृतिकतेला संस्थांचा आधार दिला तो लिबरल पक्षाच्या फ्रेझर सरकारने. स्थलांतरितांसाठीच्या सेवांविषयीचा १९७८ चा गॅलबली अहवाल त्याच सरकारने स्वीकारला आणि अनेक भाषांतून प्रसारण करणारी एसबीएस दूरचित्रवाणी १९८० मध्ये सुरू झाली. १९८९ चा बहुसांस्कृतिक ऑस्ट्रेलियासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम पुन्हा मजूर पक्षाच्या हॉक सरकारचा. आज हा विषय एका बाजूची मालमत्ता असल्यासारखा बोलला जातो, त्यात दोन्ही बाजूंचे नुकसान आहे. फ्रेझर यांचा वारसा सांगणाऱ्या लिबरल मतदाराला आपण पुन्हा या चर्चेत आणले पाहिजे, आणि ते त्याला अपराधी वाटायला लावून होणार नाही.

नकाराधिकाराचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे, कारण त्यातून काम कसे करावे ते कळते. ग्रीन पक्षाच्या सिनेटर मेहरीन फारुकी यांनी २०१८ मध्येच मंत्र्यांचा हा अधिकार काढून घेणारे विधेयक मांडले. त्यावर २०२२ मध्ये सिनेट समितीची चौकशी झाली. समितीने ते विधेयक मंजूर करण्याची शिफारस केली नाही, पण परिषदेचा स्वतंत्र आढावा घेण्यास सांगितले. मार्गारेट शील यांच्या अध्यक्षतेखालील त्या आढाव्याचा अहवाल २०२३ मध्ये आला आणि मार्च २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आता बहुतेक अनुदाने स्वतंत्र मंडळ मंजूर करते. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव मंत्री हस्तक्षेप करू शकतात, मात्र तो संसदेला कळवावा लागतो. घोषणांपेक्षा चौकशी समित्यांपुढे सादर झालेल्या कंटाळवाण्या, तपशीलवार निवेदनांनी हे घडवले. संसदीय समितीला निवेदन कोणीही पाठवू शकतो, त्यासाठी प्राध्यापक असावे लागत नाही.

दक्षिणवारा

त्याला जोडून एक व्यवहार्य गोष्ट. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या संग्रहात जुनी वर्तमानपत्रे कोणालाही घरबसल्या फुकट शोधता येतात. त्यांत चिनी, जर्मन, इटालियन अशा स्थलांतरितांच्या भाषांतली पत्रेही आहेत. जून २०२३ नंतर या सेवेसाठी पैसाच उरणार नव्हता. वंशावळी शोधणारे हौशी लोक, शिक्षक, स्थानिक इतिहास मंडळे अशा सर्वांनी आवाज उठवला आणि एप्रिल २०२३ मध्ये सरकारने चार वर्षांसाठी ३.३ कोटी डॉलर मंजूर केले. या मागणीत कोणत्याही एका पक्षाचे मतदार नव्हते. ज्यांना आजोबांच्या जहाजाची तारीख शोधायची होती, ते सगळे होते. मानव्यविद्यांच्या बाजूने बोलताना या वाचकवर्गाला आपण विसरतो.

माझी सूचना अशी की आपल्या मंडळांनी स्वतःचे कागद जपायला सुरुवात करावी. स्थापनेच्या सभांची इतिवृत्ते, हस्तलिखित अंक, मराठी शाळांची हजेरीपत्रके, पहिल्या पिढीची पत्रे. बहुतेक ठिकाणी हे माजी सचिवांच्या गॅरेजमधल्या खोक्यांत पडलेले आहे आणि घर बदलताना ते टाकून दिले जाते. राज्य ग्रंथालयांशी बोलून ते योग्य करारासह त्यांच्या ताब्यात देता येते. ध्वनिमुद्रणेही घ्यावीत, आणि तीही केवळ यशोगाथांची नकोत. ज्यांचे व्यवसाय बुडाले, ज्यांचे विवाह मोडले, जे परत गेले, त्यांचीही घ्यावीत. २०२१ च्या जनगणनेनुसार या देशातल्या ४८.२ टक्के लोकांच्या पालकांपैकी किमान एक जण परदेशात जन्मलेला आहे. म्हणजे जवळजवळ अर्ध्या देशाचा हा कौटुंबिक इतिहास आहे.

मध्यरेषा

मेलबर्नमधल्या एका विद्यापीठाने २०२० च्या सुमारास ग्रीक, हिंदी आणि इंडोनेशियन भाषांचे अभ्यासक्रम बंद करण्याचा प्रस्ताव मांडला होता. ग्रीक समाज संघटितपणे उभा राहिला आणि ग्रीकचा अभ्यासक्रम वाचला. त्या वेळी हिंदीसाठी आपल्या संघटना त्या प्रमाणात पुढे आल्याचे मला दिसले नाही. मंदिरांसाठी आणि नाट्यगृहांतील कार्यक्रमांसाठी आपण निधी उभारतो, ते चांगलेच आहे. विद्यापीठातल्या एका अध्यापकपदासाठी किंवा एका पीएचडी शिष्यवृत्तीसाठी तो का उभारू नये? अट एवढीच की निवड विद्यापीठाने करावी आणि विषय संशोधकाने ठरवावा. अक्षरवेल यांनी रॅम्से केंद्राविषयी जे लिहिले, ते आपल्या देणगीलाही लागू राहील.

नीरक्षीर

शिष्यवृत्तीच्या कल्पनेला माझा पाठिंबा आहे, मात्र करारात दोन कलमे स्पष्ट असावीत. देणगीदारांना प्रबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी पाहण्याचा अधिकार नसावा, आणि प्रबंधात समाजावर टीका आली म्हणून पुढील वर्षांचा निधी थांबवता येऊ नये. ही कलमे वाचून जे वर्गणी देणार नाहीत, त्यांची वर्गणी नसलेलीच बरी.

शुल्करचनेविषयीच्या निवेदनाचा मसुदा मी करतो. त्यात मानव्यविद्यांचा कल आणि विविधता यांवर माझे अक्षरवेल यांच्याशी असलेले मतभेद मी लपवणार नाही. एका परिच्छेदात असे लिहीन की विभागांनी भिन्न राजकीय विचारांच्या अभ्यासकांना जागा दिली पाहिजे आणि तसे होते की नाही हे लोकांना दिसले पाहिजे. ज्यांना हा परिच्छेद मान्य नसेल, त्यांनी त्याखाली आपली वेगळी नोंद जोडावी. एकाच निवेदनात दोन मते असली, तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याने परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या जवळजवळ चौपट शुल्क का भरावे, हा प्रश्न तसाच राहतो आणि त्यावर आपण सगळे सही करू शकतो.

अक्षरवेल (धागाकर्ती)

मान्य आहे. तो परिच्छेद जसाच्या तसा ठेवा, माझी वेगळी नोंद मी दोन ओळींत देईन. मध्यरेषा, शुल्काच्या वर्षनिहाय आकड्यांचा तक्ता आपण तयार करावा. दक्षिणवारा, कौर्ना शब्दसंग्रहाविषयीचा मजकूर एका पानात लिहून द्याल का? कागद जपण्याच्या कामासाठी मी स्वतंत्र धागा काढते. ज्यांच्याकडे जुनी खोकी आहेत, त्यांनी ती उघडण्यापूर्वी तेथे कळवावे, म्हणजे कोणता कागद कशासोबत ठेवलेला होता याचीही नोंद करता येईल.